इंडिगोचा वाद आणि लहान भागधारकाचा प्रश्न

कंपनी कारभाराचा कायदा म्हणजे सभा, सूचना आणि ठराव यांची नियमावली, असा सर्वसाधारण समज आहे. अर्थशास्त्र त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहते. आपला पैसा दुसऱ्याच्या हाती सोपवताना गुंतवणूकदार जी जोखीम पत्करतो, ती कमी करण्याचे साधन म्हणजे हा कायदा होय. गुरुग्राम येथे मुख्यालय असलेल्या 'इंडिगो' विमान कंपनीतील २०१९ चा वाद या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी स्थापन केलेल्या या कंपनीची विमानसेवा २००६ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. वादाच्या वेळी भाटिया गटाकडे सुमारे ३८, तर गंगवाल गटाकडे सुमारे ३७ टक्के समभाग होते. अधिकार मात्र समान नव्हते. भागधारक करारानुसार सहापैकी तीन संचालक सुचवण्याचा आणि प्रमुख पदांवरील नियुक्त्यांचा अधिकार भाटिया गटाकडे होता.

भाटिया समूहातील कंपन्यांशी झालेल्या काही व्यवहारांत आवश्यक प्रक्रिया पाळली गेली नाही, अशी तक्रार गंगवाल यांनी जुलै २०१९ मध्ये 'सेबी'कडे केली. पानाच्या दुकानाचा कारभारही याहून बरा चालला असता, अशी टीका त्यांनी केली. भाटिया गटाने आरोप फेटाळले. हे व्यवहार उलाढालीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचे त्याचे म्हणणे होते. तरीही तक्रार उघड होताच समभागाचा भाव एका दिवसात सुमारे दहा टक्क्यांनी घसरला. बाजाराने व्यवहारांच्या रकमेपेक्षा डळमळलेल्या विश्वासाची किंमत ठरवली.

मालकी आणि नियंत्रण यांची फारकत बर्ल आणि मीन्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९३२ मध्ये मांडली. तेथे विखुरलेले भागधारक आणि व्यवस्थापक यांच्यातील हितसंबंधांचा प्रश्न होता. भारतात तो बहुतांशी प्रवर्तक आणि इतर भागधारक यांच्यात उद्भवतो. समजा, ४० टक्के हिस्सा असलेल्या प्रवर्तकाने कंपनीचे शंभर रुपये स्वतःच्या खासगी संस्थेकडे वळवले, तर त्याचे चाळीस रुपये जातात आणि शंभर हाती येतात. उरलेल्या साठ रुपयांचा भार इतरांवर पडतो.

म्हणूनच २०१३ च्या कंपनी कायद्याने संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांवर मंजुरीचे बंधन घातले. मात्र प्रत्येक मंजुरीला वेळ आणि पैसा लागतो. त्यामुळे नेहमीच्या कामकाजातील, रास्त दराच्या व्यवहारांना कायद्यात सूट आहे. 'सेबी'ने एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत भागधारकांच्या मंजुरीसाठी एक हजार कोटी रुपये किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी कमी असलेली मर्यादा ठेवली. इंडिगोतील वादग्रस्त व्यवहार या मर्यादेपर्यंतही पोहोचले नसते. अशा वेळी राखण उरते ती लेखापरीक्षण समिती आणि स्वतंत्र संचालकांची.

ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने संचालकांची कमाल संख्या दहापर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. 'सेबी'चे माजी अध्यक्ष एम. दामोदरन तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. तरीही वाद लंडनच्या लवादापर्यंत गेला. समभाग विक्रीवरील परस्पर निर्बंध डिसेंबर २०२१ मध्ये हटवण्यात आले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गंगवाल यांनी संचालकपद सोडले.

गंगवाल यांच्याकडे ३७ टक्के हिस्सा आणि लवादाचा खर्च पेलण्याची ऐपत होती. दहा समभागांच्या धन्याला पडत्या भावात विक्री हाच मार्ग उरतो. स्वतंत्र संचालकांनी योग्य वेळी विचारलेला प्रश्न हेच त्याचे खरे संरक्षण आहे. कायद्याची परिणामकारकताही त्यावरूनच जोखावी लागेल.