वारसा आणि विस्मरण

१९१९ साली सदर्न सिंकोपेटेड ऑर्केस्ट्राबरोबर सिडनी बेशे लंडनला आला, तेव्हापासून ब्रिटनने जॅझच्या कृष्णवर्णीय वादकांचे कौतुक केले, पण त्यांची विद्या जतन करण्याची जबाबदारी क्वचितच घेतली. ब्रिटिश गयानात जन्मलेल्या केन 'स्नेकहिप्स' जॉन्सनने कॅरिबियन वादकांचा नामवंत वाद्यवृंद उभा केला. ८ मार्च १९४१ च्या रात्री लंडनच्या 'कॅफे द पारी' या नाइटक्लबवर जर्मन बॉम्ब पडला, सव्विसाव्या वर्षी जॉन्सन गेला आणि वृंदही पांगला.

त्याहून जिव्हारी लागते ती जो हॅरियटची कहाणी. १९५१ मध्ये जमैकाहून आलेल्या या आल्टो सॅक्सोफोनवादकाने साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर मुक्त जॅझची स्वतंत्र वाट शोधली, कलकत्त्याच्या जॉन मेयरबरोबर राग आणि जॅझ एकत्र आणले आणि मुंबईत जन्मलेल्या गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्वाच्या साथीने १९६९ मध्ये 'हम दोनो' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात नॉर्मा विन्स्टनचा शब्दाविना फिरणारा आवाज गिटार आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने चालतो. असे काम करणारा हा माणूस १९७३ च्या जानेवारीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हलाखीत वारला. 'हम दोनो' तर कित्येक दशके बाजारात मिळतच नव्हता.

ऐंशीच्या दशकात कोर्टनी पाइन आणि 'जॅझ वॉरियर्स' यांच्या रूपाने नवी लाट आली, वर्तमानपत्रांनी पुन्हा नवलाई मिरवली आणि लाट ओसरली. त्या वृंदातला बासवादक गॅरी क्रॉस्बी मात्र इतिहासातून शिकला. जनीन आयरन्सबरोबर त्याने १९९१ मध्ये 'टुमॉरोज वॉरियर्स' ही शाळा काढली. तिथे मुलांना शुल्काविना शिकवतात आणि थोरल्यांच्या शेजारी उभे राहून वाजवायला लावतात.

नुबाया गार्सियाचा जन्मही १९९१ चाच. आई गयानाची, वडील त्रिनिदादचे, आणि टेनर सॅक्सोफोनवादक म्हणून तिची घडण याच शाळेतली. तिच्या २०२० च्या 'सोर्स' या अल्बममधली शीर्षकरचना डब-रेगेच्या संथ, जड बासवर सुमारे बारा मिनिटे पसरत जाते. कॅरिबियन वारसा तिथे शोभेपुरता उरत नाही, रचनेचा पायाच होतो. या अल्बमला मर्क्युरी पुरस्काराचे नामांकन मिळाले. २०२३ मध्ये याच शाळेत घडलेल्या 'एझ्रा कलेक्टिव्ह'ने तो पुरस्कार जिंकला. जॅझला हा मान प्रथमच मिळाला.

गार्सियाची प्रतिभा हॅरियटपेक्षा मोठी आहे, असे कोणी म्हणणार नाही. फरक एवढाच की तिच्यामागे शाळा होती. अशा शाळांच्या सार्वजनिक निधीवर कात्री चालवणाऱ्यांनी आधी हॅरियटचे चरित्र वाचावे.