काहिलीपाशी शिकलेले शास्त्र

दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. खाद्यपदार्थांच्या संशोधनात माझी तीस वर्षे गेली. पण पहिला खरा धडा मिळाला तो तिथल्या एका चुलवाणाशेजारी. उसाचा रस तापू लागला की गुळव्या त्यात भेंडीचे पाणी ओततो. भेंडीचा बुळबुळीतपणा रसातली घाण धरतो, ती मळी होऊन वर येते आणि झाऱ्याने काढता येते. चुना रसाचा आंबटपणा मारतो. जास्त पडला तर गूळ काळवंडतो. पाक झाला की नाही, हे गार पाण्यात थेंब टाकून, बोटांनी गोळी वळून ठरायचे. आम्ही थर्मामीटर घेऊन गेलो, तर तो गुळव्याच्या बोटांना दुजोराच देऊ लागला!

मग संशोधकाने करायचे काय? तर आपल्या घरातल्या आवडीकडे पाहायचे. आपणा सर्वांना गूळ पिवळाधमक हवा. त्यासाठी कोणी कोणी रसात ‘हायड्रोस’ नावाची गंधकयुक्त पूड टाकतात. रंग उजळतो, ठेवणीत पुन्हा काळसर होतो. गंधक मात्र पोटात जाते. ही पूड टळावी आणि गुळव्याचा भावही पडू नये, हे कोडे एका हंगामात सुटत नाही. दर साली जमीन वेगळी, उसाची जात वेगळी.

शिरूरचे एक परिचित मला म्हणाले, “मुलगी बी.एस्सी. झाली. रांजणगावच्या कारखान्यात चिकटेल म्हणा. पण खाण्यापिण्याच्या वस्तूंत जन्म काढण्याजोगे आहे काय?” मी त्यांना कमलाबाई सोहोनींची हकिकत सांगितली. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत, मुलगी म्हणून, रामनसाहेबांनी त्यांना नकार दिला. बाईंनी हट्टाने प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट आणली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काय निवडले? नीरा आणि कडधान्ये! कच्च्या कडधान्यात प्रथिनांचे पचन अडवणारी द्रव्ये असतात. नीट शिजवल्यावर ती बहुतांशी निकामी होतात. आपल्या आज्या डाळ मऊ शिजवत, त्यामागचे शास्त्र ते हेच. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेला त्यांनी सल्ला दिला आणि उतारवयात ग्राहक चळवळीत उतरून लोकांना जागे केले.

बी.एस्सी. झालेल्या मुलीला म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंस्थेची वाट मोकळी आहे. ही संस्था १९५० पासून उभी आहे. पण तिला आधीच सांगून ठेवावे: कारखान्यात पहिली दोनचार वर्षे बिस्किटे मोडून, हुंगून, चाखून वहीत टिपण्यात जातील. सहा महिने ठेवलेला नमुना खवट निघाला, की पुन्हा पिठापासून सुरुवात. चहासोबत बिस्कीट खाण्याची हौस तेवढी पार उडते!