गृहिणीची टिपणवही : अंदमानची पेटी

जबलपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या कन्येस अंदमानातील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला असून पंधरवड्याच्या आत तिला रवाना करावयाचे आहे. आमच्या घरात समुद्र कोणी जवळून पाहिलेला नाही, तेव्हा सामानात काय द्यावे आणि काय देऊ नये हे आपल्या सदरातून कळवाल तर उपकार होतील, असे त्या लिहितात. उपकाराची भाषा कशाला? २०२३ च्या सप्टेंबरात आमचे घर ह्याच गडबडीतून गेले आहे. त्या वेळी मी केलेल्या चुका सांगितल्या, तरी बाईंचे निम्मे काम होईल.

आम्ही नागपूरचे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील शंभरापैकी पंधरा जागा अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात. त्या यादीत आमच्या धाकटीचा क्रमांक असा काही आला की, नागपूर-पुण्याचे दार बंद झाले आणि अंदमानचे उघडले. खाजगी महाविद्यालयाची फी आमच्या आवाक्याबाहेरची. उरले दोनच मार्ग : आणखी एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा देणे, नाहीतर समुद्र ओलांडणे. धाकटीने दुसरा मार्ग पत्करला. अंदमानची ही संस्था २०१५ साली सुरू झाली असून, तेथील गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात विद्यार्थ्यांचे शिक्षण होते. ज्या गावाला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत आलो, त्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम् असे झाले आहे.

ही बातमी ऐकून माझ्या सासूबाईंनी हातातील निवडलेली भाजी तशीच परातीत टाकली. त्यांचे माहेर राजापूर तालुक्यातले. सेल्युलर जेलच्या आणि सावरकर बंधूंच्या गोष्टी ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. "अंदमानात माणसे पाठवीत असत. आपण होऊन तिकडे कोणी जात नसे," एवढेच त्या बोलल्या. आज तेथील विमानतळालाच सावरकरांचे नाव आहे, असे ह्यांनी समजावून पाहिले; पण त्याने त्यांचे समाधान झाले नाही. दोन दिवस त्या नातीशी कामापुरतेच बोलल्या.

इकडे माझी तयारी सुरू झाली. ह्यांनी हौसेने पत्र्याची नवी ट्रंक आणली. ती रिकामीच काट्याला अडकवली, तेव्हा सात किलो भरली! विमानाच्या तिकिटावर मोठ्या सामानाचे पंधरा किलो आणि हातातल्या सामानाचे सात किलो, एवढीच मुभा होती. (हे आकडे सर्वत्र सारखे नसतात. आपल्या तिकिटावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे.) चेन्नई आणि कोलकात्याहून जहाजेही जातात, परंतु त्यांना सुमारे तीन दिवस लागतात, आणि महाविद्यालयात हजर होण्याची तारीख डोक्यावर होती. ट्रंक परत गेली. तिच्या जागी साधी कापडी बॅग आली, आणि मी ती भरावयास बसले.

पहिल्या भरतीत मी काय काय घातले होते, ते आता सांगताना हसू येते. चामड्याचे बूट आणि चामड्याचीच पर्स, जाड खादीचे तीन पांढरे ॲप्रन, शरीररचनाशास्त्राचे तीन जाडजूड ग्रंथ, डांबरगोळ्यांची पुडी, सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या, आणि तळाशी, कोणास न सांगता, धाकटीच्या बाळपणीची गोधडी. ती माझ्या आईच्या हातची. आई आता नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनी नुसते पाहिले. मग विचारले, "तिकडे पाऊस किती महिने असतो ग?"

मी पुस्तकात पाहून सांगितले. मेच्या उत्तरार्धात नैऋत्येचा पाऊस लागतो. तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा सुरू होतो, आणि खरी उघडीप व्हावयास डिसेंबर उजाडतो. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे नागपूरच्या अडीच-तीन पट.

"म्हणजे आमच्या राजापूरएवढाच. फक्त आमचा चार महिन्यांत पडून मोकळा होतो," असे म्हणून त्यांनी पदर खोचला आणि बॅगेपाशी बैठक मारली. त्यांचा विरोध मावळला असे मी म्हणणार नाही. पण दमट हवेत संसार कसा करावा हे ह्या घरात आपल्याखेरीज कोणास ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानी आले होते. आम्ही नागपूरकर उन्हाशी झगडून जन्म काढतो. ओल म्हणजे काय, ते आम्हांस कुठले कळणार?

प्रथम बाहेर आले ते चामडे. पहिल्या आठवड्यातच त्याच्यावर बुरशीचे पांढरे डाग दिसतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मागून डांबरगोळ्या निघाल्या. ह्या बाबतीत मी कित्येक वर्षे गैरसमजात होते. डांबरगोळ्यांनी कसर पळते, पण बुरशीला त्यांचे काहीच वाटत नाही. बुरशी हटवावयाची तर हवेतील ओल शोषून घेतली पाहिजे. औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आपण फेकून देतो; त्याच जरा मोठ्या आकारात विकत मिळतात. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात पुस्तके, औषधे, कॅल्क्युलेटर ठेवावेत आणि बरोबर दोन पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, कारण ते ओले झाले की कळते. मग ते उष्णतेने सुकवून पुन्हा वापरता येतात. सासूबाईंच्या माहेरी हेच काम कोळसा करी. मिठाच्या बरणीला दादरा बांधताना वरच्या फडक्यात त्याचा तुकडा असे.

ॲप्रनचा निकाल त्यांनी बोटांच्या चिमटीत कापड धरून लावला. "हे जाड कापड पावसात तीन दिवस वाळायचे नाही. चौथ्या दिवशी त्याला वास येईल आणि पाचव्या दिवशी काळे ठिपके." खादीच्या जागी पातळ टेरिकॉटचे, पूर्ण बाह्यांचे चार ॲप्रन शिवून घेतले. त्यांतील एक शवविच्छेदनाच्या तासासाठी कायमचा वेगळा. फॉर्मॅलिनचा वास एकदा शिरला की सहजी जात नाही, आणि तो ॲप्रन इतर कपड्यांत मिसळू नये. हाच नियम आतल्या कपड्यांना आणि पंचालाही. जाड टर्किश टॉवेल मुळीच देऊ नये. पातळ सुती पंचे दोन द्यावेत. कपड्यांची संख्या वाढवण्यापेक्षा वाळवण्याची सोय द्यावी. नायलॉनची दहा हात दोरी आणि दोन डझन प्लॅस्टिकचे चिमटे ह्यांचे वजन ते किती? लोखंडी तारेचे चिमटे मात्र नकोत. समुद्राच्या हवेत ते गंजतात आणि पांढऱ्या कपड्यावर तांबडे डाग पाडतात. गंजाच्या ह्याच भीतीने विच्छेदनाच्या कात्र्या व चिमटे खोबरेल लावलेल्या फडक्यात गुंडाळले. ती पेटी मोठ्या सामानात जावी; कात्री आणि सुरी विमानात हाताशी ठेवू देत नाहीत. उलट फोन भारण्याची बॅटरी हातातच ठेवावी लागते, ती मोठ्या सामानात चालत नाही.

पायांविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण तो प्रकृतीचा प्रश्न आहे. लेप्टो हा शब्द मुंबईकरांस २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर पाठ झाला. उंदीर-घुशी आणि गुरे ह्यांच्या मूत्रातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात, आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. अंदमानात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ताप येऊन फुप्फुसांत रक्तस्राव होणारा एक आजार दिसू लागला. त्याचे कारण उमगेना, म्हणून त्याला अंदमानी रक्तस्रावी ताप असेच नाव पडले होते. पुढे, १९८३ साली तेथे स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या केंद्रातील संशोधकांनी तो लेप्टोच असल्याचे दाखवून दिले. तेव्हा डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीने अनवाणी किंवा फाटक्या चपलेने चिखल तुडवू नये. आम्ही पोटरीपर्यंतचे रबरी गमबूट दिले. ते बॅगेत न ठेवता धाकटीने पायांत घालूनच प्रवास केला. विमानतळावर लोक पाहत होते, पण सव्वा किलो वाचले! मच्छरदाणी आणि जखमेवर लावावयाचे मलमही विसरू नये.

पुस्तकांचे तीन ग्रंथ ह्यांनीच बाहेर काढले. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळातून तंतूंची केबल अंदमानला पोहोचली, तेव्हापासून पडद्यावर वाचणे तेथे पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही, आणि जुनी पुस्तके वरच्या वर्गातील मुलांकडून घेता येतात. सुक्या खोबऱ्याला मात्र विमानात परवानगीच नाही. त्यातील तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोजतात. सासूबाई म्हणाल्या, "माडांच्या बेटावर खोबरे पाठवणारी तू पहिलीच!" खाण्याचे म्हणून मेतकूट, भाजणी आणि तिखटमीठ लावलेल्या शेंगदाण्यांचा डबा, एवढेच राहिले. तेथे बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी अशी सर्व प्रांतांची माणसे नांदतात आणि आपसांत हिंदी बोलतात. आपली मुलगी उपाशी राहील ही भीती व्यर्थ आहे. कागदपत्रांच्या अस्सल प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी स्वतःच्या खांद्याला, हे सांगावयास नकोच.

ह्या सगळ्यात एक प्रसंग असा घडला की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. शेजारच्या एका मुलाने आपला वापरलेला हाडांचा संच धाकटीला दिला होता. तो मी धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवला आणि सांगावयाचे विसरले. सासूबाईंनी चादर उलगडली, तो त्यांच्या मांडीवर कवटी आली. मला वाटले, आता किंकाळी ऐकू येणार. त्यांनी ती दोन्ही हातांनी अलगद उचलून पाटावर ठेवली, नमस्कार केला आणि नातीला विचारले, "कोण होता ग हा?"

धाकटीला उत्तर देता येईना. ते कोणालाच ठाऊक नव्हते. तिने हळू आवाजात कवटीवरची एक-एक जागा दाखवून नावे सांगावयास सुरुवात केली, आणि आजी ऐकत बसली. दोन दिवसांचा अबोला असा सुटला. संच वजनामुळे शेवटी येथेच राहिला.

एवढे करूनही बॅग सतरा किलो भरली. शोधता शोधता तळाशी हात गेला आणि गोधडी बाहेर आली. सासूबाईंनी ती काट्याला अडकवली : एक किलो आठशे ग्रॅम. "ही तिकडे वाळणार नाही. भिजली की कुजेल," त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे होते, म्हणूनच मला सहन झाले नाही. माझ्या आईची वस्तू तुम्हांला जड झाली का, असे मी बोलून गेले. तसे बोलावयास नको होते. त्या काही न बोलता गोधडी घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

रात्री पाणी प्यावयास उठले, तो त्यांच्या खोलीत दिवा. डोळ्यांना चष्मा लावून त्या गोधडीच्या एका कडेचा टाका न् टाका उसवीत होत्या. आतले पदर तसेच ठेवून त्यांनी वरचे हिरवे सुती लुगडे अखंड सोडवून घेतले. माझी आई ते सणावारी नेसत असे. सकाळी त्याच्या दोन्ही कडा दुमडून शिवलेल्या होत्या आणि धुऊन ते दोरीवर वाळत होते. ते अंगावर घ्यावयास किंवा खाली अंथरावयास चालेल, पाऊसपाण्यात अर्ध्या दिवसात वाळेल. वजन साडेतीनशे ग्रॅम. उरलेली गोधडी त्यांनी नव्या कापडाने शिवून माझ्या अंथरुणावर आणून ठेवली.

जबलपूरच्या बाईंसाठी आणखी थोडे. जानेवारी ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतो. गावाला मुख्यत्वे धनीखारी धरणाचे पाणी आहे आणि उन्हाळ्यात ते जपून वापरावे लागते, तेव्हा झाकणाची एक बादली तेथेच विकत घ्यावी. विजेरी अवश्य द्यावी. सुट्टीत येताना मुलीने किनाऱ्यावरची प्रवाळे आणू नयेत, ते कायद्याने मना आहे. आणि एक गोष्ट आम्हांस कोणीच सांगितली नव्हती : घड्याळ आपलेच, पण सूर्य आपला नव्हे. अंदमान नागपूरच्या इतके पूर्वेस आहे की, तेथे आपल्यापेक्षा सुमारे पाऊण-एक तास आधी उजाडते, आणि हिवाळ्यात सव्वापाचाच्या सुमारासच अंधारून येते.

हे आम्हांला कळले ते धाकटीच्या पहिल्या रविवारच्या फोनवरून. तिने फोन आजीलाच मागितला. ॲप्रन कुठे वाळवावा, दादरा कसा बांधावा, ह्याचे बराच वेळ चालले होते. सासूबाई समोर बरणी घेऊन फोनच्या पडद्याला गाठ दाखवीत होत्या. शेवटी मी विचारले, "आणि आजीचे लुगडे ग? अंगावर घेतेस ना?"

"नाही ग आई. इथे पाचालाच लख्ख उजाडते आणि ऊन थेट डोळ्यांवर येते. ते मी खिडकीला लावले आहे."