एचआयव्ही प्रतिबंधाच्या अभ्यासाबाबत बाजारहत्नूर मंडलाचे निवेदन

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
तेलंगणा राज्य एड्स नियंत्रण संस्था, हैदराबाद

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, आदिलाबाद

विषय : बाजारहत्नूर आणि लगतच्या सीमाभागात एचआयव्हीच्या जोखमीमागील वर्तन व परिस्थितीचा लोकसहभागाने अभ्यास करून त्यावर आधारित प्रतिबंधक सेवा देण्याबाबत.

महोदय,

2021 च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण 0.21 टक्के होते. तेलंगणात ते 0.47 टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त होते. महाराष्ट्रात प्रमाण कमी असले तरी बाधितांची संख्या देशात सर्वाधिक, सुमारे 3.94 लाख होती. या दोन राज्यांच्या सीमाभागात बाजारहत्नूर मंडल आहे. हे आकडे राज्यांचे आहेत, मंडलाचे नव्हेत. त्यावरून इथल्या कोणत्याही गावावर बोट ठेवता येत नाही. इथल्या लोकांना कोणती जोखीम केव्हा गाठते, हेही त्यातून कळत नाही. प्रस्तुत निवेदनाचे कारण हेच आहे.

कापसाची वेचणी आटोपली की या पट्ट्यातली माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी जिनिंगवर जातो, कोणी हैदराबादला बांधकामावर, तर कोणी आखाती देशांत. गुडीहत्नूर, इच्चोडा आणि नेरडीगोंडा या शेजारच्या मंडलांतून राष्ट्रीय महामार्ग 44 जातो. नागपूर–हैदराबाद वाहतुकीचे ट्रक त्याच रस्त्याने धावतात आणि धाब्यांवर मुक्काम करतात. सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांसाठी लोक महाराष्ट्रातील किनवटकडेही सहज जातात. राज्याची हद्द फक्त सरकारी नोंदवहीत ठळक असते. एकाच माणसाची तपासणी तेलंगणात, औषधे महाराष्ट्रात आणि मजुरी तिसऱ्याच ठिकाणी असू शकते.

अशा माणसाला ‘सुरक्षित वागा’ एवढेच सांगून भागत नाही. निरोध कोणाकडे मागायचा, नवऱ्याने नकार दिला तर काय करायचे, मुकादमाच्या ताब्यातल्या मजुराला तपासणीसाठी सुट्टी कोण देणार, ही खरी अडचण आहे. वर्तनाचा अभ्यास म्हणजे या अडचणींची उकल. तो कोणाच्या चारित्र्याचा पंचनामा होऊ नये, अशी निवेदनकर्त्यांची पहिली अपेक्षा आहे.

असे अभ्यास काय करू शकतात, याचे दाखले मराठी मुलखातच आहेत. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास 1997 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्येही एचआयव्हीचे प्रमाण 13.6 टक्के आढळले. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी त्यांचा संबंध आला होता. हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा होता, सगळ्या समाजाचा नव्हे. पण ‘घरची बाई सुरक्षित’ हा समज त्याने मोडला. तोवर प्रतिबंधाचा बराचसा भर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर होता. लग्नाच्या आतली जोखीम फारशी विचारात घेतली जात नव्हती.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याला लागून असलेल्या गडचिरोलीत त्याआधीच असा धक्का बसला होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र जेमतेम 8 टक्के होत्या. लैंगिक आजार अंगावर काढले की एचआयव्हीचा धोका वाढतो, म्हणून हा दाखला इथे महत्त्वाचा. दुखणी घरोघर होती, पण सरकारी कागदावर नव्हती.

सांगलीचा अनुभव वेगळा आहे. मीना शेषू यांच्या पुढाकाराने 1992 साली ‘संग्राम’ या संस्थेचे काम सुरू झाले. निरोध वाटायचे, आजारांची माहिती द्यायची, दवाखान्यात सोबत जायचे, ही कामे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच हाती घेतली. पुढे 1996 साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये याच वाटेने काम सुरू केले होते. गिऱ्हाईक निरोधाला नाही म्हणाले तर एकटी बाई त्याला परत पाठवू शकत नाही, सगळ्या मिळून पाठवू शकतात. माहितीइतकेच बळ संघटनेचे असते, हे या दोन्ही ठिकाणी दिसले.

स्थलांतरितांचाही अभ्यास झाला आहे. पॉप्युलेशन कौन्सिल या संशोधन संस्थेने 2007–08 मध्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र आणि तामिळनाडूतील 11,000 हून अधिक स्थलांतरित पुरुषांना प्रश्न विचारले. सारखी जागा बदलणाऱ्यांत जोखमीचे वर्तन जास्त आढळले. गाव सोडणारा प्रत्येक मजूर सारखाच धोक्यात नसतो; कोण किती वेळा, कुठे आणि कोणाबरोबर जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. बाजारहत्नूरच्या मजुरांची ही माहिती मिळाली तर तपासणीचा फिरता दवाखाना कोणत्या महिन्यात आणावा, एवढे तरी अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

प्रश्न विचारण्याची पद्धतही पारखून घ्यावी लागते. पुण्यातील तरुणांवर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना माणसाने प्रश्न विचारले, तर काहींनी कानाला हेडफोन लावून संगणकावर उत्तरे दिली. महाविद्यालयीन मुले आणि वस्तीतील तरुण यांच्यावर या पद्धतीचा परिणाम सारखा झाला नाही. एकाच शहरात एवढा फरक पडतो, तर हैदराबादेत तयार केलेली प्रश्नावली गोंड गुड्यात किंवा लंबाडी तांड्यावर जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरता येणार नाही.

औषधोपचाराचाही वर्तनाशी संबंध आहे. पुणे आणि चेन्नईसह नऊ देशांतील केंद्रांवर झालेल्या ‘एचपीटीएन 052’ या चाचणीत 1,763 जोडप्यांचा सहभाग होता. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, असे 2011 साली जाहीर झाले. रोजची गोळी हा आता प्रतिबंधाचाच भाग आहे. म्हणून गोळी का चुकते याचा शोधही वर्तनाच्या अभ्यासातच यायला हवा. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, घरच्यांना कळेल ही भीती, दारू यांपैकी इथे कोणते कारण किती मोठे, हे रुग्णांखेरीज कोणी सांगू शकणार नाही.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याला अशा संशोधनाची परंपरा आहे, हे शासनाला आवर्जून सांगावेसे वाटते. 1940 साली जोडेघाट परिसरात गोंड नेते कुमराम भीम मारले गेल्यानंतर गोंडांचा असंतोष समजून घेण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. ते मारलवाईत गोंडांमध्ये राहिले. त्यातून जमिनीचे पट्टे, गोंडी शिकवणारे शिक्षक आणि देवनागरीत छापलेली गोंडी वाचनपुस्तके आली. पुढे मराठी इतिहासकार म्हणून ख्याती पावलेले सेतुमाधवराव पगडी इथेच अधिकारी होते. त्यांनी गोंडी भाषेचे व्याकरण लिहिले. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडण्याचा दरबार त्याच काळापासून भरतो. लोकांच्या भाषेत विचारपूस करायची आणि ऐकलेल्यावर निर्णय घ्यायचा, हे या जिल्ह्यात 80 वर्षांपूर्वी घडलेले आहे.

कायदाही बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. कायद्यातील मोजके अपवाद सोडले तर तपासणी, उपचार वा संशोधन यांपैकी काहीही माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. कलम 22 नुसार जोखीम कमी करण्यासाठी केलेल्या उपायांना गुन्हा ठरवता येत नाही. म्हणजे निरोध वाटणारी कार्यकर्ती पोलिसांच्या धाकाखाली असता कामा नये.

वरील सर्व बाबींचा विचार करून निवेदनकर्त्यांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. बाजारहत्नूर, बोथ, इच्चोडा, गुडीहत्नूर ही मंडले आणि महाराष्ट्रातील किनवट तालुका यांचा एकत्रित अभ्यास दोन्ही राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांनी मिळून करावा. पुण्यात ‘नारी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या राष्ट्रीय संस्थेचे तांत्रिक साहाय्य घ्यावे. यापूर्वी या भागात असा अभ्यास झाला असल्यास त्याचे निष्कर्ष ग्रामपंचायतींना द्यावेत.

2. प्रश्नावली मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि लंबाडी या भाषांत तयार करून आधी थोड्या लोकांवर तपासून पाहावी. स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे. मुलाखत घेणारी व्यक्ती भाषा जाणणारी असावी, पण त्याच गावातली नसावी.

3. गावाचे, तांड्याचे वा जमातीचे नाव घालून एचआयव्हीचा कोणताही आकडा जाहीर करू नये. वीस-पंचवीस घरांच्या गुड्यात ‘एक बाधित’ एवढे छापले तरी माणूस ओळखू येतो. रेशन, पेन्शन किंवा कोणत्याही योजनेचा लाभ या अभ्यासातील सहभागाशी जोडू नये.

4. अभ्यासाचे कारण देऊन सेवा लांबवू नयेत. ग्रामीण भागासाठीची लिंक वर्कर योजना या मंडलात राबवावी; बाजाराच्या दिवशी आणि संध्याकाळी तपासणी व समुपदेशन मिळावे; प्राथमिक आरोग्य केंद्रात लैंगिक आजारांची औषधे कायम असावीत; निरोध न मागता, न विचारता घेता येईल अशा जागी ठेवावेत.

5. कामासाठी बाहेर जाणाऱ्या रुग्णांना एकाहून अधिक महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. कोविडच्या काळात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नाको) ही सोय केली होती. किनवट, नांदेड आणि आदिलाबाद येथील नोंदी हस्तांतरित करताना रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या मारायला लावू नये.

6. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 नुसार देशातील 15 ते 49 वयोगटात एचआयव्हीची सर्वंकष माहिती फक्त 21.6 टक्के स्त्रियांना आणि 30.7 टक्के पुरुषांना होती. आश्रमशाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि महिला बचत गट यांच्यासाठी स्थानिक भाषांतील नियमित कार्यक्रम घ्यावा. राष्ट्रीय मदतवाहिनी 1097 चा फलक प्रत्येक गावात लावावा.

7. कायद्यानुसार नेमलेल्या लोकपालांचे नाव, पत्ता आणि तक्रारीची रीत प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठी व तेलुगूत लावावी. भेदभावाच्या तक्रारीवर 30 दिवसांत आदेश व्हावा, अशी कायद्याचीच तरतूद आहे.

8. अभ्यासाच्या देखरेख समितीत एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती, स्थलांतरित मजूर, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि पारलिंगी व्यक्ती यांचे प्रतिनिधी असावेत. निष्कर्ष इंग्रजी अहवालाआधी सोप्या मराठी आणि तेलुगूत ग्रामसभेसमोर, तसेच नागोबा दरबारात मांडावेत आणि त्यांतील कोणत्या शिफारशीवर किती निधी खर्च होणार हे त्याच वेळी सांगावे.

मागणी 4, 5 आणि 7 साठी नव्या अभ्यासाची वाट पाहण्याची गरज नाही. त्यांची अंमलबजावणी जिल्हा पातळीवर लगेच सुरू करता येईल. उर्वरित मागण्यांवर चर्चेसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात दोन्ही राज्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांची संयुक्त बैठक बोलवावी, निवेदनकर्त्यांच्या प्रतिनिधींना तिचे लेखी निमंत्रण द्यावे आणि या निवेदनाचे मुद्देनिहाय लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
बाजारहत्नूर मंडलातील ग्रामस्थ, बचत गटांतील महिला आणि स्थलांतरित कामगार

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
1. मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास संस्था, उटनूर
2. मा. जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकारी, आदिलाबाद
3. मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई