नाल्याला मिळण्याआधी

हुबळी-धारवाडला मलप्रभेचं पाणी सौंदत्तीजवळच्या धरणातून आणावं लागतं. वापरलेलं पाणी मात्र नाल्यांवाटे भोवतालच्या मळ्यांत शिरतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर भाजी तरारते, म्हणून शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण त्याच पाण्यात कारखान्यांतले विद्रावक मिसळले, तर मैला निवळवणारी टाकी पुरी पडत नाही. इथे सिलिकॉन रबराचा पातळ पडदा उपयोगी आहे. घरातला आरओ पाणी दाबाने पलीकडे ढकलतो. इथे उलट टोल्युईनसारख्या विद्रावकांचे रेणू पडद्यात विरघळतात, निर्वाताच्या बाजूला वाफ होऊन निघतात आणि बहुतेक पाणी अलीकडेच राहतं. लिटरमागे काही मिलिग्रॅम घाण काढायची, तर घाणच ओढून घेणं शहाणपणाचं.

पडदे महाग असतात, तेला-गाळाने तुंबतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ते नाल्याच्या तोंडाशी लावू नयेत. रंगकाम किंवा यंत्रभागांची धुलाई होते तिथेच, पाणी थोडं आणि विद्रावक दाट असताना लावावेत. वाफ थंड करून विद्रावक पुन्हा वापरता येतो, खर्चही काहीसा निघतो. सहज न उडणारी कीटकनाशकं यातून सुटतात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा हवाच, आणि तो खर्च भाजीवाल्यावर नव्हे, घाण सोडणाऱ्यावर पडावा.