शिबिराच्या दारात कार्ड मागू नका

मार्च उलटला की वसईतल्या धर्मग्राम परिषदांच्या बैठकांत उन्हाळी शिबिराचा विषय निघतो आणि त्याच्या मागोमाग ‘शिबिर आपल्या मुलांसाठी आहे’ हे वाक्यही. असं म्हणणारी माणसं मनाने वाईट नसतात. सणाला मांडव घालणारी, कुणाकडे मयत झाली तर हातातलं काम टाकून धावणारी, चर्चसाठी पदरमोड करणारी माणसं ती. म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो.

ते म्हणतात, पैसा आपल्या कुटुंबांनी दिलेला, राबणारी पोरं आपली, हॉल आपल्या आईबापांनी घाम गाळून उभा केलेला. मग रेल्वेच्या पलीकडे चाळीत कालपरवा उतरलेल्यांच्या मुलांसाठी तो का उघडायचा? याच लोकांनी आपल्या जमिनी, आपलं पाणी, आपली भाषा गिळली, त्यांचे लाड कशाला? शिवाय बिगरख्रिस्ती मुलं आत घेतली आणि उद्या कुणी ‘पोरांना बाटवतात’ म्हणून बोंब ठोकली, तर निस्तरायचं कुणी? यातले पहिले दोन आक्षेप मला साफ अमान्य आहेत. तिसऱ्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

धर्मग्राम हे वर्गणीदारांचं मंडळ नव्हे. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कॅनन कायद्याच्या 518व्या कलमाप्रमाणे धर्मग्राम सर्वसाधारणपणे हद्दीवर ठरतो. त्या हद्दीत राहणारे सगळे श्रद्धावंत त्यात आले. आडनाव कोणतं, बोली सामवेदी की वडवळी, आजोबा कुठल्या आळीतले, हे तो कायदा विचारत नाही. उलट 102वं कलम सांगतं की निदान तीन महिने राहायच्या इराद्याने कुणी एखाद्या धर्मग्रामात राहायला आलं, तरी तिथला रहिवास लागू होतो. म्हणजे झारखंडहून घरकामासाठी आलेली कॅथलिक उराव बाई तेवढ्या मुदतीसाठी नायगावात खोली घेते, त्याच दिवशी ती तिथल्या धर्मगुरूंची जबाबदारी होते. तिचं धर्मग्रामाचं कार्ड झालं नसेल तर ते काम आपलं राहिलेलं आहे. 529वं कलम तर धर्मगुरूंनी गरीब, पीडित, एकाकी आणि आपल्या मुलखापासून तुटलेल्या माणसांना शोधत जावं असं म्हणतं. शोधत जावं! ती दारात येऊन उभी राहिल्यावर आत घ्यावं की नाही, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

आणि ती माणसं ख्रिस्ती नसतील तर? 383व्या कलमाच्या शेवटी बिशपांना सांगितलं आहे की बाप्तिस्मा न झालेलेही प्रभूने आपल्यावर सोपवले आहेत असं त्यांनी मानावं. मत्तयच्या शुभवर्तमानात 25व्या अध्यायात शेवटच्या न्यायाची जी कसोटी आहे, तिच्यात परक्याला घरात घेतलं का हेही विचारलं आहे. परक्याचा धर्म विचारलेला नाही. आपण दर रविवारी मिस्सेत उभे राहून जे कबूल करतो त्याची ही सरळ मागणी आहे. ती नको असेल तर तसं उघड म्हणावं. पैसा आपला आहे या सबबीआड लपू नये. दानपेटीत टाकलेला पैसा टाकणाऱ्याचा राहत नाही.

आता जमीन-पाण्याच्या दुःखाकडे येतो, कारण ते दुःख खरं आहे. 1988च्या सुमारास वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी झाली, 1990मध्ये सिडको आली, आणि बघता बघता बावखलं, म्हणजे गावची तळी, बुजली, विहिरी मचूळ झाल्या. 2011च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली होती. केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला आपल्याच गावात उपरं वाटावं, असं बरंच काही एका पिढीत घडलं. पण हे कुणी घडवलं? फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्याचा रोख जमीन आणि पाणी यांचा धंदा करणाऱ्यांवर होता. दहा बाय बाराच्या खोलीसाठी पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालणारी बाई त्या धंद्यात विकणाऱ्याच्या बाजूला कधीच नव्हती. टँकरच्या पाण्यासाठी तीही रांगेत उभी असते. बिल्डरवरचा राग तिच्या सात वर्षांच्या पोरावर काढण्यात कसली अस्मिता?

शिवाय हे उपरे म्हणजे सगळे परप्रांतीय असं धरून चालणंही चूक आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर येणारी कातकरी कुटुंबं आपल्याच पालघर-ठाणे पट्ट्यातली असतात. ती पावसाच्या तोंडावर परत जातात आणि त्यांच्या पोरांची शाळा दरवर्षी मध्येच तुटते. त्यांच्याइतकं या मातीतलं कोण आहे?

नवख्या माणसावरची ही चीड आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती माणसं मुंबईत कामाला येऊ लागली तेव्हा मुंबई-साष्टी-वसईचे मूळचे ख्रिस्ती अस्वस्थ झाले. ‘आम्ही ते नव्हे’ हे सरकारदरबारी ठसवायला त्यांनी 1887मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नोकऱ्यांची चिंता खरी होती, त्यात दोष देण्याजोगं काही नाही. पण धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक वसतिगृहांत, एका पेटीएवढ्या जागेत राहणाऱ्या त्या गोवेकरांची नातवंडं आज आपल्याच चर्चमध्ये गायनमंडळ चालवतात आणि आपल्या घरांत सुना-जावई होऊन आली आहेत. आणि आपण? वसईतल्या कितीतरी घरांतला एक मुलगा आखातात आहे, एक कॅनडात. दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये किंवा टोरांटोच्या एखाद्या धर्मग्रामात आपली सून पोराला घेऊन पहिल्या रविवारी जाते, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला बसायला जागा द्यावी अशी आपली अपेक्षा असते. ती मिळाली की फोनवर आपण ते कौतुकाने ऐकतो. तसंच स्वागत नालासोपारा पूर्वेला कुणाच्या तरी वाट्याला आपल्याकडून यायला हवं.

आमच्या बाजूच्या एका धर्मग्रामात शिबिराची नावनोंदणी चालू असताना मी टेबलाजवळ बसलो होतो. छापील फॉर्मवर नाव, वय, इयत्ता, बाप्तिस्म्याचं ठिकाण, कार्ड क्रमांक आणि टी-शर्टचा साइज, असे रकाने होते. एक बाई मुलीचा हात धरून आली. वालीवच्या गाळ्यात प्लास्टिकचे सुटे भाग निवडायचं काम ती करत होती, हे तिच्या बोटांच्या टोकांवरच्या बारीक कापल्या खुणांवरून मला नंतर समजलं. तिने फॉर्म हातात घेतला, रकान्यांवरून बोट फिरवत चौथ्याशी थांबली आणि फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला. ‘राहू दे,’ एवढंच म्हणाली. मुलीने मात्र फळ्यावर चिकटवलेल्या रंगीत पताकांवरची नजर काढली नाही. टेबलावरच्या अकरावीतल्या स्वयंसेविकेने पेन उचललं, चौथा आणि पाचवा रकाना आडव्या रेघांनी खोडला आणि फॉर्म पुन्हा पुढे केला. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. परिषदेने ठराव करायचा असेल तर त्या स्वयंसेविकेने केला तोच करावा.

आता तिसरा आक्षेप. ‘बाटवतात’ ही बोंब अनेकदा खोटी आणि हेतुपुरस्सर असते, हे मी जाणतो. म्हणून मुलांसाठी दार बंद करायचं, हे मात्र मला मान्य नाही. भीतीपोटी सत्कृत्य सोडलं तर बोंब मारणाऱ्याचा हेतू आपणच पुरा केला. पण त्या संशयामागे जी साधी काळजी आहे, ‘माझ्या मुलाला माझ्या अपरोक्ष काय शिकवतात?’, ती प्रत्येक आईबापाची आहे आणि तिला मान दिलाच पाहिजे. हा धडा मराठी समाजाने एकदा घेतलेला आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर 1890नंतर वाद पेटला, ‘केसरी’ने तो लावून धरला आणि 1893मध्ये रानडे आणि भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी कुणावर जबरदस्ती केली नव्हती. आपल्या प्रार्थनेचं दार त्यांनी उघडं ठेवलं आणि मुली आपणहून येऊन बसल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या कार्याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही पालकांना वाटलं की आपल्याला सांगितलं एक आणि घडलं दुसरंच, आणि अनेकांनी मुली काढून नेल्या. त्यात नुकसान मुलींचंच झालं.

चर्चची स्वतःची शिकवण इथे आपल्या टीकाकारांपेक्षाही कडक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1965मध्ये धर्मस्वातंत्र्याची जी घोषणा मंजूर केली, तिच्यात श्रद्धा पसरवताना बळजबरीचा किंवा अप्रामाणिक मनधरणीचा वासही येऊ नये असं बजावलं आहे, आणि गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेषच. आईबापांपैकी निदान एकाच्या संमतीवाचून मुलाला बाप्तिस्मा देणं सर्वसाधारणपणे कॅनन कायद्यात बसत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1977मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं स्पष्ट केलं. तेव्हा नियम सरळ असावा. बिगरख्रिस्ती मुलांसाठी शिबिरात धर्मशिक्षणाचा तास नसेल. आपल्या मुलांचा तो तास वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या वेळी होईल. पालक कधीही, न सांगता, येऊन बसू शकतील. मुलांचे फोटो काढून देणगीदारांना पाठवले जाणार नाहीत. हे सगळं मराठीत आणि हिंदीत लिहून दारावर लावा. वडाळ्याहून असो वा वाराणसीहून, कुणीही येऊन वाचावं.

यावर आपल्यातलेच काही भाविक विचारतील, मग यात ख्रिस्ती काय उरलं? त्यांनी डॉन बॉस्कोकडे पाहावं, कारण आजच्या कॅथलिक बालशिबिरांचा एक उगम तिथे आहे. 1841च्या डिसेंबरात तुरीनमध्ये त्याने जवळ केलेला पहिला मुलगा बार्तोलोमेओ गारेल्ली हा आस्तीहून आलेला अनाथ, गवंड्याच्या हाताखालचा पोरगा होता. तुरीन तेव्हा खेड्यांतून आलेल्या अशाच पोरांनी भरलेलं होतं. गोंगाट फार होतो म्हणून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, जागामालकांनी हाकललं, नगराचा कारभारी मार्क्विस कावूरला त्यात राजकीय धोका दिसला. अखेर 1846च्या ईस्टरला वाल्दोक्कोत पिनार्दीच्या शेडखाली त्या पोरांना कायमची जागा मिळाली. आणि डॉन बॉस्को खेळ-गाण्यांवर थांबला नाही. 1851-52मध्ये त्याने शिकाऊ पोरांसाठी मालकांशी लेखी करार केले. पोराला मारायचं नाही, कामाबाहेरचं काम लावायचं नाही, हे कागदावर आलं. ते करार मला एखाद्या स्तोत्राइतकेच ख्रिस्ती वाटतात.

मग आपलं शिबिर कसं असावं? आजचं शिबिर साधारण आठ-दहा दिवसांचं, सकाळी नऊ ते बारा, शेवटी नाच आणि बक्षिसं. ज्या मुलाची आई घरी आहे त्याला ते पुरतं. गाळ्यात बारा-बारा तास उभी राहणारी आई मात्र नऊला पोराला सोडू शकते, बाराला न्यायला येऊ शकत नाही. म्हणून ती मेच्या उकाड्यात पत्र्याच्या खोलीला बाहेरून कडी घालून जाते. शिबिर दीड महिना आणि रोज संध्याकाळपर्यंत चालायला हवं, वर्गणी आणि टी-शर्टशिवाय, आणि दुपारी जेवण हवं. शाळेला सुट्टी लागली की शाळेतलं दुपारचं जेवणही थांबतं. 2004मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांत ते उन्हाळ्याच्या सुट्टीतही द्यायला सांगितलं होतं, पण नालासोपाऱ्याची चाळ दुष्काळाच्या यादीत येत नाही. डाळभात, एक भाजी, एक केळं. आपल्या महिला मंडळाने सणाला याहून कितीतरी मोठे स्वयंपाक रांधले आहेत.

दुसरी गोष्ट मराठी. भाषा गिळली गेली म्हणून जे हळहळतात त्यांनी इथे सर्वांत पुढे असावं. 2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. मे महिन्यात बिहारहून आलेली मुलगी 15 जूनला वर्गात बसते तेव्हा फळ्यावरचं अक्षर ओळखीचं असतं, पण बाईंनी काय विचारलं ते कळत नाही. दोन महिन्यांत ती मागे पडते, दोन वर्षांत शाळा सोडते. तिच्याशी दीड महिना मराठीत खेळलं, गाणी म्हटली, भाजीवाल्याशी कसं बोलायचं ते नाटक करून दाखवलं, तर ती वर्गात तोंड उघडेल. वसईच्या चर्चने मराठीत मिस्सा म्हटली, ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, मराठी साहित्य संमेलनाला अध्यक्ष दिला. नव्या माणसाला भाषा द्यायला आपल्याहून लायक कोण? भाषा बोलणारे वाढले तर ती जगते, दार लावून नाही.

आणि तिसरी, जी सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: शिबिर संपायच्या आत प्रत्येक नवख्या मुलाचा शाळाप्रवेश. दाखला नाही, जन्माचा कागद नाही म्हणून पालक जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकावरूनच परत फिरतात. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. हे त्यांना ठाऊक नसतं. एक निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजचा एक मुलगा त्यांच्यासोबत शाळेत गेले तर पुष्कळदा काम तिथल्या तिथे होतं. डॉन बॉस्कोच्या करारांचं आजचं रूप हेच आहे.

खर्चाचं विचाराल, तर यंदाच्या सणाची रोषणाई, वाजंत्री आणि फटाके यांचं बिल परिषदेच्या फायलीत आहे. ते आणि शिबिराचं अंदाजपत्रक शेजारी ठेवून पुढच्या बैठकीत वाचावं, आणि फॉर्म छापायला जाण्याआधी त्यातला चौथा आणि पाचवा रकाना काढून टाकावा.