अबोलपणाचा हिशेब



बँकेत असताना एका व्यापारी खातेदाराचा मुलगा नेहमी भरणा करावयास येत असे. हळूहळू त्याचे बोलणे थांबले, पुढे येणेही थांबले. “पेढीवर बसत नाही, खोलीबाहेर पडत नाही, आळशी झाला आहे,” असे वडील म्हणत. “लग्न करून द्या, ताळ्यावर येईल,” असा सल्ला मीही दिला. स्किझोफ्रेनियाचे निदान होईपर्यंत तीन वर्षे वाया गेली. त्या सल्ल्याची खंत मला आजही वाटते.

या आजारात भास होतात, संशय बळावतो, हे आपण ऐकलेले असते. माणसांपासून तुटत जाणे हेही त्याचे लक्षण आहे आणि पुष्कळदा ते भासांच्या आधी दिसते. उंदराला भास होतो काय, हे त्याला विचारता येत नाही. तो कोणाजवळ जातो, हे मात्र मोजता येते.

1999 साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनाच्या संशोधकांनी जनुकात बदल करून असे उंदीर तयार केले, की मेंदूतील संदेशवहनास आवश्यक असलेले एनएमडीए ग्राही त्यांच्यात सुमारे 5 टक्केच उरले. हे उंदीर इतरांत फारसे मिसळेनात. 2004 पासून अशा वर्तनासाठी तीन कप्प्यांची पेटी रूढ झाली. एका बाजूस जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूस रिकामी जाळी. निरोगी उंदीर सोबत्याकडे अधिक वेळ घालवतो.

मुक्या जिवांवरील प्रयोग आपल्या मनाला बोचतात, आणि उंदीर म्हणजे माणूसही नव्हे. तरी एवढे ध्यानी घ्यावे : त्या उंदरांना वाईट संगत लागली नव्हती, ते आळशीही नव्हते. बदल मेंदूत होता. आजची औषधे भास बऱ्याच अंशी आवरतात, दुरावा मात्र तितकासा हटत नाही. म्हणूनच या वर्तनाचा अभ्यास चालू आहे.

गल्ल्याचा हिशेब आपण रोज रात्री मिळवतो. घरातील कोण कित्येक दिवस पंगतीस बसले नाही, याचीही नोंद ठेवावी. प्रत्येक अबोला आजार नसतो. परंतु तो आठवडेच्या आठवडे टिकला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. शासनाची 14416 ही टेली-मानस दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. विवाह हे औषध नव्हे, आणि लोक काय म्हणतील या भीतीने दवडलेला काळ कोणत्याही व्याजाने परत मिळत नाही.